तेवीस मतं आणि वालाचं बिरडं

जगदीशच्या ओटीवर शनिवारी दुपारी माणसं होती तेवीस, चटया चार, झाकणाचं मडकं एक. एका सुपात तेवीस वाल, तेवीस चवळ्या. धसईतल्या आमच्या सिनेमामंडळाचा यंदाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरायचा होता. 'विद्युतवीर ३' ला मत द्यायचं तर मडक्यात वाल टाकायचा, 'तळाशी तीन फूट' ला द्यायचं तर चवळी. उरलेला दाणा घरी न्यायचा. सगळ्यांनी दोन्ही सिनेमे पाहिलेले, ही अट. मोजणी रविवारी इथंच, आणि ती मी करायची, कारण मी बीएस्सी.

"तुझा हिरो चाळीस मिनिटं विहिरीत बघतो गो," जगदीश रोशनीला म्हणाला. "आमी समजलो, लाइट गेली."

"तो डोळ्यांनी बोलतो. तुझा तर बोलतो तेव्हा पण इमारत पडते."

"पडते, पण एक तरी माणूस मरतो का? सगळ्यांना झेलतो!"

"म्हणूनच पुरस्कार नाय भेटत त्याला. पुरस्काराला कोणीतरी मरावं लागतं."

यावर चटया गोळा होईपर्यंत हसणं चाललं. मग पैज लागली. रोशनी हरली, तर सोमवारी बाजारात तोंडातून शब्द न काढता काकडी विकायची. जगदीश हरला, तर विद्युतवीर होऊन भेंडी विकायची. जगदीशनं आधी हात दिला आणि मग त्याला आठवलं, की प्रियांकाचे वडील देवरामकाका दर सोमवारी धसईच्या बाजारात असतात. पुढच्या रविवारी ते त्याला प्रियांकासाठी बघायला यायचे होते.

"पैज मोडतोस का रे?" रोशनी.

"नाय! विद्युतवीर जिंकणारच."

रविवारी मी मडकं उघडलं. रिकामं.

"आये! मडक्यातले दाणे?" जगदीशनं आत हाक मारली.

त्याची आई, सकुबाई काकू, चुलीपासून म्हणाल्या, "ते व्हय? बिरड्याला वाल कमी पडत होते. रात्री भिजत घातले." त्यांनी ओल्या फडक्याची पुरचुंडी दाखवली. आत दोन-अडीच किलो वाल, सगळे सारखेच फुगलेले.

"आये, ती मतं होती!"

"मला वाटलं, मोजून झाली. मडक्यावर लिहिलंत का? आणि वाल-चवळी एकात कालवलीत कशाला? निवडता निवडता माझे डोळे गेले."

"मतदान रद्द!" जगदीश ओरडला. "माझी मतं भिजली!"

मी विचारलं, "काकू, चवळी कुठे टाकलीत?"

"टाकीन कशाला? वाटीत हाय."

वाटीत बारा चवळ्या होत्या. मी दोनदा मोजल्या. मग रोशनीनं मोजल्या, मग जगदीशनं. मतदार तेवीस, प्रत्येकी एक दाणा. तेविसातून बारा गेले, अकरा. वाल मोजायची गरजच नव्हती.

"एका मतानं!" जगदीश ओटीवर आडवा झाला. "सख्ख्या आयेनं पाडलं मला."

"मी चवळीच टाकलेली," काकू चुलीकडे वळत म्हणाल्या. "तो विहिरीवाला पोरगा फार गुणी वाटला मला."

सोमवारी जगदीशच्या खांद्याला काकूंचं पिवळं पातळ, छातीवर चांदीच्या कागदाची वीज, डोळ्यांवर शेजारच्या वेल्डरचा चष्मा. बाजारातली पोरं मागे, बायका पुढे. रोशनी शेजारी मुद्दाम मोठ्यानं बोलून काकडी विकत होती. सव्वानऊला गर्दी बाजूला झाली आणि देवरामकाका समोर उभे राहिले. जगदीशनं चष्मा वर केला. कान लाल.

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "उडता येतं का?"

"नाय काका. चालत आलो."

"मग हे काय?"

"हरलो. शब्द दिलेला."

काका खाली बसले. मग एकेक भेंडी मोडून पाहू लागले.

सकाळी आठला पाटीत भेंडी एकतीस किलो होती. दहा वाजून वीस मिनिटांनी उरली चारशे ग्रॅम. देवरामकाकांनी नेली चार किलो.