अल्बर्टचा हिरवा गाल

आमच्या टेसाच्या शाळेत बारावीचं चित्रप्रदर्शन होतं. घरातल्या माणसाचं पोर्ट्रेट, प्रत्येक मुलाचं एकच, भिंतीवर लागणार. सप्टेंबरात पोरगी शिकायला मँचेस्टरला जाणार, म्हणून मला ती भिंत हवी होती. माझ्या नवऱ्याला, अल्बर्टलाही हवी होती. त्याचं काय, दुसऱ्यांच्या सेल्फीतसुद्धा तो मधे उभा राहतो.

टीचरनी मुलांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे युरोपातले पेंटर शिकवले होते. ते म्हणे चेहरा दिसतो तसा रंगवत नसत, माणसाच्या आत काय चाललंय ते रंगातून दाखवत. नाक हिरवं, कपाळ केशरी. छानच की! आमच्या वसईत कुणी असं रंगवलं असतं तर फादरना बोलावून घरभर पवित्र पाणी शिंपडलं असतं.

आधी अल्बर्ट बसला. दुबईतल्या अल नहदाच्या आमच्या वन बीएचकेत, एसीसमोर, लग्नातला कोट घालून. केसांना ताजा डाय. बटण लागेना म्हणून श्वास रोखून.

"श्वास घे रे," मी म्हटलं, "नाहीतर पोरीला निळा रंग पुरायचा नाही."

चित्र पूर्ण झालं आणि घरात तमाशा झाला. एक गाल हिरवा, दुसरा जांभळा, कान लालभडक.

"हा मी? मला काय कावीळ झालीय?" अल्बर्ट ओरडला.

"काविळीत माणूस पिवळा पडतो," मी म्हटलं. "तू नासलायस."

टेसा शांतपणे म्हणाली, "ग्रीन इज व्हेन युअर बॉस कॉल्स, डॅडा."

हॉटेलात बँक्वेट सांभाळतो तो. बॉसचा फोन आला की घरातसुद्धा उभा राहून 'यस सर' करतो. मग त्यानं हळूच विचारलं, "आणि जांभळा?"

"व्हेन यू मिस ग्रॅनी."

त्याची आई गेल्या डिसेंबरात गेली. हॉटेलचा सीझन, सुट्टी मिळाली नाही. तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. बराच वेळ. मी बाहेरून ओरडले, "पाण्याचं बिल काय तुझा बॉस भरणार?"

मग माझी पाळी. मी कोटबिट घातला नाही बाई. बसले आणि अख्खा वेळ बोलले, पोरगी कंटाळायला नको. शेजारणीच्या नव्या विगवर बोलले, अल्बर्टच्या पोटावर बोलले, टेसा हसता हसता रंगवत राहिली.

चित्र बघितलं आणि जिवात जीव आला. गाल गालाच्या रंगाचा, ओठ ओठांच्या. हुबेहूब मी.

"बघ अल्बर्ट, याला म्हणतात माणूस! यल्ला, चल, हेच लाव."

टेसानं अल्बर्टचं चित्र उचललं आणि बबल रॅपमध्ये गुंडाळायला घेतलं.

"आणि मी?"

"युअर्स इज जस्ट... करेक्ट, मम्मा." मग माझ्याकडे न बघता, तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "तू सारखी जोक करते. आत काय असते, मला माहीतच नाय. कुठला कलर लावू?"

ती जाणार म्हणून मी रोज फ्रिजचं दार उघडून, त्याच्यामागे तोंड लपवून रडते, हे सांगावं, आत्ताच सांगावं, अगदी ओठांवर आलं.

"बरं झालं बाई," मी म्हटलं, "भिंतीवर लटकायचं तर डाएट करावं लागलं असतं."

टेसा हसली, नेहमीसारखी, आणि टेप शोधायला गेली.