दार बंद आहे, घर चालू आहे

मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझी दांडी कापलेली आहे, किल्ली माझ्याजवळ नाही, आणि मी सध्या एका कचेरीच्या कपाटात, गोणपाटाच्या पोत्यात, आणखी तीस कापलेल्या कुलपांच्या गर्दीत पडलो आहे. तोंड बंद ठेवणे हा माझा जन्मभराचा धंदा. पण मित्रांनो, आज मी बोलणार आहे, कारण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आहे. कुलपाला तळपाय नसतात हे मला ठाऊक आहे. राग मात्र असतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझ्या पोटात पाच खटके बसवले. त्यातला तिसरा खटका बसवताना कारागिराची जेवणाची सुट्टी झाली, आणि गडबडीत तो किंचित वाकडा बसला. त्यामुळे मी सरळ किल्ली फिरवून उघडत नाही. किल्ली आत दाबायची, जराशी उलटी फिरवायची आणि मग सुलटी. ही माझी खोड. दुकानदाराने मला तीनदा परत मागे ठेवले. शेवटी स्वस्तात मागणारे एक जोडपे आले, तेव्हा त्याने मला त्यांच्या गळ्यात मारले.

तो होता रंगारी आणि ती कपड्यांच्या कारखान्यात शिवण मारणारी. ती माझी धनीण. त्या दिवशी ते वस्तीतल्या बेचाळीस नंबरच्या खोलीत राहायला आले होते. खोली एकच, वर पत्रा, आणि दाराच्या फळ्या अशा विटलेल्या की मला लाज वाटली. पण रंगाऱ्याने लोकांच्या बंगल्यांत उरलेले रंग डब्याच्या तळाशी खरवडून आणले आणि दार रंगवले. वरचा भाग कोणाच्या तरी झोपायच्या खोलीचा निळा, मधला पट्टा कोणाच्या जिन्याचा पिवळा, खाली बँकेच्या भिंतीचा राखाडी. गल्लीत आमच्यासारखे दार दुसरे नव्हते.

नऊ वर्षे मी त्या दारावर होतो. सकाळी आठला धनीण मला लावायची आणि एकदा ओढून बघायची. मग रंगारी पुन्हा ओढून बघायचा, कारण बायकोवर विश्वास असला तरी स्वतःच्या हातावर जास्त. दुपारी त्यांची धाकटी मुलगी शाळेतून यायची, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढायची, दाबायची, उलटी, सुलटी, की मी खट्! ती दप्तर टाकायची, डबा उचलायची, मला लावायची आणि थोरल्या बहिणीबरोबर शिकवणीला जायची. संध्याकाळी सहाला सगळे परत. एकदा भर दुपारी एक चोर आला. त्याने अर्धा तास माझ्याशी झटापट केली, मला आईवरून शिवी दिली आणि निघून गेला. त्या संध्याकाळी धनिणीने कारखान्यातून आणलेल्या मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्या पोटात सोडले आणि म्हणाली, "शहाणं आहे गं आपलं कुलूप." मित्रांनो, नऊ वर्षांत माझे झालेले कौतुक एवढेच. पण मला ते पुरले.

मग एक दिवस वस्तीच्या नळाजवळ नोटीस लागली. वस्ती पाडायची, आणि जागेवर परवडणारी घरे बांधायची. रस्त्यापलीकडे त्याच योजनेतली पहिली इमारत उभीही राहिली होती. नव्या घरात खोली कोणाला मिळणार? जो मोजणीत सापडेल त्याला. मोजणी 'या आठवड्यात' होईल, एवढेच लिहिले होते. वार नाही, वेळ नाही. जणू वस्तीतल्या लोकांना आठवडाभर दाराशी पाय पसरून बसण्यावाचून दुसरे काम नव्हते!

धनीण सोमवारी आणि मंगळवारी कामावर गेली नाही. दाराशी बसून राहिली. कोणी आले नाही. बुधवारी मुकादमाने निरोप पाठवला, "येत असशील तर ये, नाहीतर कायमची घरी बस." रंगारी दूरच्या कामावर परांचीवर चढलेला होता, त्याला उतरता येत नव्हते. धनिणीने मला दाराला लावले. पण जाण्याआधी धाकटीकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आणि माझ्या दांडीत अडकवली. धाकटीचे अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. तिने लिहिले होते:

'मोजायला येणाऱ्या काकांना नमस्कार. आम्ही चौघे इथेच राहतो. आई शिवायला, बाबा रंगवायला आणि आम्ही शाळेत जातो. दार बंद आहे, घर चालू आहे. शेजारी विचारा. संध्याकाळी सहानंतर या, सगळे असतो.'

अकरा वाजता मोजणीवाला आला. त्याने चिठ्ठी काढली. वाचली. हो, मित्रांनो, पूर्ण वाचली! मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. तो जरासा हसलासुद्धा. मग त्याने चिठ्ठीची घडी घालून परत माझ्या दांडीत खोचली, शेजारच्या दाराकडे मान वळवून पाहिलेही नाही, आणि निळ्या-पिवळ्या दारावर खडूने फुली मारली. रजिस्टरात लिहिले, 'खोली बेचाळीस. घर बंद. वास्तव्य नाही.'

मी ओरडू शकलो असतो तर तिथेच ओरडलो असतो. अरे शहाण्या, आत दोरीवर चार जणांचे कपडे वाळत आहेत. त्यांना सांभाळायलाच तर मला इथे टांगले आहे!

शेजारच्या त्रेचाळीस नंबरवरही फुली पडली. तिथे पहारेकरीकाका आणि त्यांची बायको राहत. दोघेही रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत कामाला. काका फाटकावर, काकू जिने पुसायला. संध्याकाळी सगळे गल्लीत जमले तेव्हा काका जे बोलले ते मी नीट ऐकले.

"त्या इमारतीत वरचे चार मजले विकलेत," काका म्हणाले. "प्रत्येक दाराला हाताएवढं चकचकीत कुलूप. दोन वर्षांत एकही उघडलेलं मी बघितलं नाही. आत माणूस नाही, काडी नाही, नुसती धूळ. पण कागदावर मात्र मालक राहतात."

"आणि आपण राहतो तर कागदावर कोणीच नाही," धनीण म्हणाली.

आता मला सांगा, हा कुठला न्याय? त्या दारावर कुलूप म्हणजे मालक आहे. आमच्या दारावर कुलूप म्हणजे माणूसच नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण माणसांनी माणसांसाठी केली असे मला वाटे. आता कुलपांनाही लागू झाली.

वस्तीतल्या एकतीस खोल्यांवर फुल्या होत्या. एकतीसही घरांत सगळी माणसे कमावती. ज्यांच्या घरात दिवसा कोणी म्हातारे, आजारी किंवा बेकार होते, ते मोजले गेले. त्यांच्याबद्दल मला आकस नाही, त्यांना घर मिळायलाच हवे. पण कामावर गेला म्हणून बेघर, हे गणित ज्याने मांडले त्याला मी एकदा माझ्या आत कोंडून ठेवू इच्छितो.

धनिणीने तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी तिने मला दारावरून काढले, पदराने पुसले आणि पिशवीत घालून कचेरीत नेले. मोठे साहेब पंख्याखाली बसले होते. तिने मला त्यांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय आणलंत बाई?"

"कुलूप, साहेब. बेचाळीस नंबरचं. याच्या किल्लीचं भोक बघा कसं झिजलंय. रिकाम्या खोलीचं कुलूप इतकं झिजतं का? तुम्ही उघडून बघा."

साहेबांनी किल्ली घातली. सुलटी फिरवली, जोर लावला, अंगठा लाल केला. मी काही उघडलो नाही. धनिणीने किल्ली घेतली, दाबली, उलटी, सुलटी, खट्.

"नऊ वर्षांची सवय आहे साहेब हाताला," ती म्हणाली. "तिथं राहिल्याशिवाय हे जमत नाही. आमच्या धाकटीला डोळे मिटून जमतं."

एक क्षण मला वाटले, जिंकलो. माझी ती वाकडी खोड, जिच्यापायी दुकानदाराने मला हिणवले, तीच आज या चौघांना घर मिळवून देणार. मला माझ्या कारागिराची आठवण आली.

"बाई, कुलूप पुरावा म्हणून चालत नाही," साहेब म्हणाले.

"तुमच्या रजिस्टरात तर चाललं! कुलूप बघूनच लिहिलंत ना, घर बंद म्हणून? तेव्हा चाललं, आता का नाही?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिले. कारकून छताकडे पाहू लागला. आठ दिवसांनी निकाल आला. त्यात लिहिले होते, 'अर्जदाराने स्वतः कुलूप हजर केले. मोजणीच्या वेळी दारास कुलूप होते ही बाब अर्जदारास मान्य आहे. सबब अर्ज नामंजूर.'

हात दाखवून अवलक्षण! मी साक्षीला गेलो आणि मलाच आरोपी करून परत पाठवले. रंगाऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि निळ्या दाराकडे तोंड करून बसून राहिला. थोरली म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला ना." तो म्हणाला, "बाळा, मी आजवर किती घरं रंगवली मोजलं नाही कधी. मोजायला हवं होतं."

त्यावर धनीण उठली. ती एकतीस दारांवर गेली आणि प्रत्येक दाराशी एवढेच म्हणाली, "उद्या दुपारी कुलूप घेऊन या."

त्या कचेरीची एक रीत आहे. दुपारी दीड वाजला की आतले लोक बाहेरचा जाळीचा दरवाजा ओढून घेतात आणि डबे उघडतात. बाहेर माणसे उन्हात उभी राहिली तरी चालते. त्या दिवशी दीड वाजता दरवाजा ओढला गेला, आणि मग आमच्या बायका पुढे झाल्या. जाळीच्या त्या दोन झडपांना त्यांनी एकतीस कुलपे लावली. लहान, मोठी, गंजकी, सायकलचेसुद्धा एक. पहिला मी. धनिणीने मला लावले, ओढून बघितले, आणि रंगाऱ्यानेही सवयीने ओढून बघितले.

सव्वादोनला मोठे साहेब बाहेर निघायला आले. त्यांनी जाळी हलवली. आम्ही सगळे मिळून खणखणलो.

"अहो, हे काय चाललंय? उघडा! आम्ही आत आहोत!"

धनीण जाळीजवळ गेली. तिच्या हातात खडू होता. "बाहेरून कुलूप आहे ना साहेब," ती म्हणाली. "म्हणजे आत कोणी राहत नाही."

"दिसत नाही का तुम्हाला? समोर उभा आहे मी!"

"आमची चिठ्ठी तरी तुमच्या माणसाने वाचली होती. तुम्ही तर नुसतं ओरडताय." आणि तिने भिंतीवर खडूने एक ठसठशीत फुली मारली. गर्दीत हशा पिकला. आतला कारकूनही हसला, मग साहेबांनी मागे वळून पाहिल्यावर त्याला खोकला आला.

पोलीस आले, कटरवाला आला. धनीण म्हणाली, "किल्ल्या आहेत सगळ्यांकडे. फेरमोजणीचं लिहून द्या, आत्ता उघडतो." साहेबांनी जाळीतून कागद दिला, सहीशिक्क्याचा. धनीण किल्ली घेऊन माझ्याकडे आली, पण कटरवाल्याला घाई होती. त्याने माझ्यापासूनच सुरुवात केली. माझी दांडी तुटली तेव्हा किल्ली तिच्या हातात होती. तिने किल्लीकडे पाहिले आणि ती तशीच कमरेला खोचली.

आम्हाला पोत्यात भरून या कपाटात टाकले. कागदावर फेरमोजणीची वेळ काय लिहिली होती ठाऊक आहे? बुधवार, सकाळी अकरा. पुन्हा कामाचाच दिवस, पुन्हा कामाचीच वेळ! गेंड्याची कातडी लागते, मित्रांनो, असे लिहायला.

तो बुधवार आज होता. मोजणीचे रजिस्टर माझ्याच कपाटात असते. सकाळी ते गेले आणि संध्याकाळी परत आले. कारकून दुसऱ्याला वाचून दाखवत होता आणि दुसरा टंकत होता. मी कान टवकारले.

"खोली बेचाळीस. दार उघडे. माणसे चार."

चार! माझी माणसे. सगळ्यांनी कामे बुडवली असणार, शाळा बुडवली असणार, आणि निळे दार सताड उघडे टाकून ओळीने बसली असणार. मला इतका आनंद झाला की माझा तिसरा खटकाही क्षणभर सरळ झाला.

"खोली त्रेचाळीस," कारकुनाने पान उलटले. "घर बंद. वास्तव्य नाही."

पहारेकरीकाका. नव्या इमारतीत आज रिकामे फ्लॅट बघायला गिऱ्हाइके येणार होती, म्हणून काकाकाकूंना सुट्टी मिळाली नाही. जिथे कोणी राहत नाही ती दारे राखायला ते दोघे गेले, आणि जिथे ते राहतात तिथे कोणी राहत नाही असे लिहिले गेले. त्यांनी दाराला नवे कुलूप लावले असणार. पानांत एक चिठ्ठी होती. यावेळी मोजणीवाल्याने ती सोबत आणली होती. कारकुनाने ती मोठ्याने वाचली, काकाकाकूंना सुट्टी का मिळाली नाही तेही त्यातच होते. मी अक्षर न बघताच ओळखले. 'दार बंद आहे, घर चालू आहे.'

"पोरीचं अक्षर छान आहे हो," तो म्हणाला. कपाटाचे दार नीट बसत नव्हते. त्याने चिठ्ठीची जाड घडी केली, फटीत सारली आणि दार दाबून लावले.

तेव्हापासून मी अंधारात आहे. मित्रांनो, तुमच्यातले कोणी मोठेपणी हातात रजिस्टर आणि खडू घेऊन कोणाच्या तरी दाराशी जाईल. तिथे माझ्यासारखे कोणी लटकत असेल, तर फुली मारायच्या आधी शेजारचे दार वाजवा. तिथेही कुलूप असेल तर परत जा आणि संध्याकाळी सहानंतर या. सगळे असतात.