हवालदारांच्या फोटोखालचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. कडुलिंबाच्या लाकडाचं, चार पायांचं, बिनरंगाचं. तुम्ही मला पाहिलं असलं तरी ओळखणार नाही, कारण माझ्यावर पांढरी चादर असायची, चादरीवर फोटो आणि फोटोवर हार. माणसं फोटोकडं बघतात. फोटो कशावर तरी टेकलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझी तक्रार नाही. सरकारी खात्यात खालच्यांची हीच रीत आहे.

जन्मानं मी झाड. लातूर जिल्ह्यातल्या एका लहानशा कारागृहाच्या मागच्या भिंतीला लागून वाढलो. माझ्यावर चढून एखादा कैदी पळून जाईल, अशी भीती कुणालातरी वाटली आणि मला तोडायचा हुकूम निघाला. तोवर माझ्यावर कावळ्यांशिवाय कुणी चढलं नव्हतं. ज्या शिपायांनी माझ्या सावलीत दुपारचे डबे खाल्ले, तेच कुऱ्हाड चालताना म्हणाले, "बरं झालं, पाला लई पडायचा." मग ओंडका होऊन मी कोपऱ्यात पडून राहिलो.

तिथल्या माणसांत मला एकच माणूस वेगळा वाटायचा. हवालदार मन्मथ बोळेगावे. अहमदपूरजवळच्या एका खेड्यातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय ते कधी ड्यूटीवर आले नाहीत. मुलाखतीच्या दिवशी कैद्यांच्या म्हाताऱ्या आया जाळीपुढं ताटकळत उभ्या राहत. बसायला तिथं काही नव्हतं, कारण कैद्याची आई बसेल हे बांधकाम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. हवालदार फाटकावरची स्वतःची खुर्ची उचलून आणायचे आणि म्हणायचे, "बसा मावशी." त्याबद्दल त्यांना एकदा वरून ठपका आला होता. ड्यूटीची खुर्ची सोडली म्हणून.

एके दिवशी जेवणाच्या रांगेत भांडण पेटलं आणि हवालदार गेले. कसे गेले ते पुढं सांगतो, कारण मलाही ते नंतरच कळलं.

खात्यानं ठरवलं, अंत्यसंस्कार इतमामात करायचे. बिगूल, बंदुका, फुलं आणि लाकूड. लाकूड कमी पडता कामा नये, असा निरोप होता, म्हणून ट्रॅक्टरमध्ये मलाही चढवलं. गावात पोचलो तर हवालदारांचे वडील सिद्रामप्पा हात जोडून पुढं आले. ते म्हणाले, "साहेब, आमच्यात जाळत न्हाईत. आमी लिंगायत. बसवून मातीत ठेवतो. खड्डा तयार हाय."

रोज ज्याच्या कपाळावर विभूती बघितली, त्याला पुरतात की जाळतात हे एकाही साहेबाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी लाकडाकडं पाहिलं, लाकडानं साहेबांकडं. हवालदारांना फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत, बसवून नेलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात दिलं आणि मातीत बसवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवणाऱ्या माणसाला शेवटी बसायला मिळालं. मी सरकारी माल, म्हणून सरणाला गेलेला मी त्याच ट्रॅक्टरनं परत आलो.

सरणासाठी जाऊन परत आलेलं लाकूड चुलीत घालायला कुणी धजेना. मग ते कारागृहाच्या सुतारकामात दिलं. तिथं वकार नावाचा कच्चा कैदी काम करायचा. भावकीच्या मारामारीत आत आलेला, अजून खटला चालू असलेला. त्याला सांगितलं, हवालदारांच्या आठवणीत काहीतरी कर. बाकीचे म्हणाले, नावाचा फलक कर. वकारनं स्टूल केलं. रंधा मारता मारता तो शेजारच्या कैद्याला, चंद्रप्पाला, हळू आवाजात सांगत होता आणि मी ऐकत होतो.

"माझी अम्मी मुलाखतीला यायची. गुडघे दुखायचे तिचे. हवालदार साहेबानं दर वेळी खुर्ची दिली. म्हणून स्टूल करायलोय. जाळीपुढं ठेवतील, कुणाची तरी अम्मी बसंल."

हवालदार कसे गेले तेही मला त्याच्याच बोलण्यातून कळलं. त्या दिवशीचा फटका वकारच्या डोक्यासाठी होता. भाकरीच्या रांगेत एकानं लोखंडी झारा उगारला, हवालदार मध्ये शिरले आणि तो त्यांच्या कानामागं बसला. गोष्ट एवढीच. त्यात कुणी पळत नव्हतं, कुणी पाठलाग करत नव्हतं.

पण कैद्याला वाचवताना हवालदार गेले, हे भाषणात नीट बसत नाही. म्हणून 'पळणाऱ्या कैद्याला रोखताना' असं झालं. आणि मी जाळीपुढं जायच्या ऐवजी फोटोखाली गेलो. एवढं चांगलं स्टूल म्हाताऱ्या बायकांना बसायला कुठं द्यायचं, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

तेव्हापासून दरवर्षी स्मृतिदिन. साहेब बदलून यायचे, गोष्ट वाढत जायची. आधी एक कैदी पळत होता, मग टोळी झाली. एका वर्षी भिंतीला शिडीसुद्धा लागली. हवालदारांच्या पत्नी रुद्राणीबाई पुढच्या रांगेत बसायच्या. त्यांना शाल मिळायची, नारळ मिळायचा. फोटोला कुणीतरी कुंकू लावलेलं असायचं. त्या उठून पदरानं ते पुसायच्या आणि डबीतली विभूती लावायच्या. मग दरवर्षी तो एकच प्रश्न विचारायच्या.

"साहेब, शेवटाला ते काय म्हनले हो?"

पहिल्या वर्षी उत्तर मिळालं, "कर्तव्य आधी, असं म्हणाले." दुसऱ्या साहेबांनी सांगितलं, देशाचं नाव घेतलं. तिसऱ्यांच्या तोंडून तर पूर्ण सुविचारच बाहेर पडला. मेल्यावर माणूस दरवर्षी इतकं सुधारून बोलतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाई मान हलवायच्या, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचा शेवटचा शब्द दुसऱ्याच्या भाषणात शोधायचा, याचं मला फार वाईट वाटायचं. मला तोंड नाही. ज्यांना होतं त्यांना नोकरी होती. फाटकावरचा शिपाई नरसिंग त्या दिवशी रांगेत हजर होता. बाईंनी विचारलं की तो बुटांकडं बघायचा.

वकार निर्दोष सुटला. स्मृतिदिनाला फूल घेऊन फाटकावर यायचा. आतून निरोप यायचा, शहिदाच्या कार्यक्रमात माजी कैदी कशाला. तो फूल नरसिंगच्या हातात देऊन परत जायचा.

मागच्या वर्षी दिव्याची नळी बदलायला एकजण माझ्यावर चढला आणि माझा एक पाय निखळला. तेवढ्यात फोटोसाठी चकचकीत स्टीलचा स्टँड आला. मला भंगारात टाकलं. स्मृतिदिनाला रुद्राणीबाईंनी, चादरीखालून दिसायचे त्या पायांवरून, मला त्या ढिगात ओळखलं आणि मागून घेतलं. साहेबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. मोडकी वस्तू देताना साहेबांचं मन नेहमीच मोठं असतं.

फाटकातून निघताना नरसिंग म्हणाला, "वहिनी, पाय बसवायचा तर अहमदपूरला न्या. एष्टी ष्टँडच्या मागं वकार मिस्त्री हाय. दुसऱ्या कुनाकडं नेऊ नका." आणि परत बुटांकडं बघायला लागला.

वकारनं मला बघितलं आणि हातातली करवत खाली ठेवली. आधी त्यानं माझ्यावरून हात फिरवला, मग बाईंच्या कपाळाकडं पाहिलं. तिथंही तेच तीन पट्टे होते. हवालदार साहेबांच्या घरच्या का, असं त्यानं विचारलं. हो म्हटल्यावर त्यानं सगळं सांगितलं. झारा, रांग, आपलं डोकं. सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

बाईंनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला. "शेवटाला ते काय म्हनले?"

"खाली बसले, भाभी. कान धरून. आणि मला म्हनले, वकार, तुला लागलं न्हाई न रे? मी न्हाई म्हनलो. मग काही बोलले न्हाईत."

रुद्राणीबाई माझ्या तीन पायांवर तशाच बसल्या. मी कसाबसा तोल सांभाळला. बराच वेळ रडल्या, आणि मग पहिल्यांदाच हसल्यासारख्या झाल्या.

"हेच म्हनले असतील. लेक अंगनात पडली की मारायच्या आधी हेच इचारायचे. ते देश न् कर्तव्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच न्हाई. मला वाटायचं, मलाच मानूस कळला न्हाई का काय."

वकारनं पाय बसवला. पैसे घेतले नाहीत, ते सांगायला नको. मग बाईंनी विचारलं, हे स्टूल फोटोसाठी केलं होतं का. वकारनं अम्मीची गोष्ट सांगितली. ती ऐकून बाईंनी मला घरी नेलंच नाही. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मी परत कारागृहात, पण या वेळी फाटकाच्या बाहेर. आत ठेवायला मंजुरी लागते, आणि मंजुरीला वर्ष जातं. बाहेरच्या धुळीला मंजुरी लागत नाही. नरसिंग रोज संध्याकाळी मला चौकीत घेतो, सकाळी बाहेर काढतो.

यंदाच्या स्मृतिदिनाला मी तिथंच होतो. कार्यक्रमामुळं मुलाखती उशिरानं होणार होत्या. किल्लारीकडची एक म्हातारी डबा मांडीवर घेऊन माझ्यावर बसली होती, लेकाला भेटायला आलेली. शेजारी वकार फूल घेऊन उभा होता. पाहुण्यांची गाडी यायची म्हणून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "हे स्टूल कुणी ठेवलं इथं? उचला."

नरसिंग या वेळी बुटांकडं बघत नव्हता. तो म्हणाला, "साहेब, त्याच्यावर मानूस बसलंय."

साहेब काही बोलणार, तोच रुद्राणीबाई आल्या. त्यांना बघून साहेबांनी हात जोडले आणि आत चला म्हणाले. बाईंनी आधी वकारच्या हातातलं फूल घेतलं, नंतर म्हणाल्या, "यंदा मी बोलनार हाय साहेब. ते शेवटाला काय म्हनले, ते मला कळलंय."

आतून बिगूल वाजला. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. साहेब जागीच ताठ उभे राहिले, नरसिंग उभा राहिला, वकारही. म्हातारी घाबरून डबा सावरत उठायला लागली. गेलेल्याच्या नावानं उभं राहायचं असतं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

रुद्राणीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा मावशी," त्या म्हणाल्या. "ते असते तर हेच म्हनले असते."