बांधून ठेवलेला हात

मित्रांनो, मी एक जुना दातेरी चिमटा आहे. निखारे उचलायचा नव्हे, ऑपरेशनच्या वेळी माणसाची कातडी धरायचा. नवे चिमटे मला हसतात. हसोत बापडे! चकाकी कारखान्यात मिळते, अक्कल मिळत नाही.

कारखान्यातून मी थेट मोठ्या डॉक्टरबाईंच्या हाती आलो. त्या स्तनाच्या कर्करोगाची ऑपरेशने करत. गाठ निघाली की इतरांचे डोळे घड्याळाकडे वळत; बाईंचे खरे काम तेव्हा सुरू होई. आतला थर विरघळणाऱ्या दोऱ्याने आधी शिवायचा, म्हणजे ताण तो सोसतो. मग वरच्या कडा मी अलगद धरायच्या आणि त्यांनी टाका घालायचा. "कडा भेटवायच्या, आवळायच्या नाहीत," असे त्या म्हणत. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

त्या निवृत्त झाल्या आणि घाईचे लोक आले. एक महाशय तर कडा अशा ओढत, जणू गोणीचे तोंड बांधताहेत. कातडी पांढरीफटक पडे, आणि हे "चला, झालं!" म्हणून चहाला चालते होत. पुढे टाक्यांऐवजी कातडीला पिना मारायचे यंत्र आले. यंत्र वाईट नाही हो, पण आळशाच्या हाती काहीही दिले तरी तो आळशीच. मला ड्रेसिंगच्या खोलीत टाके काढायला धाडले.

तिथे एका सकाळी गाद्या शिवणारी एक बाई आली. तिचा उजवा स्तन काढून बारा दिवस झाले होते. बरोबर धाकटी जाऊ होती. बाईचा उजवा हात ओढणीने पोटाशी करकचून बांधलेला.

"मावशी, हात मोडलाय का?" सिस्टरने विचारले.

"मोडतोय कशाला! नवी गादी शिवली की टाके बसेपर्यंत कुणी झटकतं का? तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतेय. बारा दिवस हलू दिला नाही!"

"घास भरवते, केस विंचरते," जाऊ म्हणाली. "येणारा-जाणारा म्हणतो, जाऊ असावी तर अशी!"

वा रे सेवा! असल्या मायेपेक्षा वैर परवडले.

"डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला होता ना?" सिस्टरने विचारले.

"दिला की," बाई म्हणाली. "मान वर न करता दिला. त्यात गोळ्या बांधून ठेवल्यात."

सिस्टरने माझ्या टोकात एकेक टाका धरून कापला. जखम छान मिटली होती. मग ओढणी सोडून ती म्हणाली, "आता उचला बघू हात."

हात जेमतेम छातीपर्यंत वर आला आणि अडला. बाईचा चेहरा उतरला.

"तीन आठवड्यांनी तुमचे किरणांचे उपचार आहेत," सिस्टर म्हणाली. "यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं. नाही गेला, तर उपचार लांबतील."

बाई मटकन स्टुलावर बसली. "आणि माझी सुई? दोरा ओढायचा तर हात डोक्याच्या वर न्यावा लागतो गं!"

"गादी पडून टिकते, मावशी. खांदा पडून आखडतो." सिस्टरने तिला भिंतीसमोर उभे केले. "बोटांनी भिंत चढायची. रोज थोडी वर. ताण बसेल तिथे थांबायचं, हिसका नाही द्यायचा."

बोटे जेमतेम वीतभर चढली. बाईच्या डोळ्यांत पाणी आले.

"राहू द्या हो, दुखतंय त्यांना!" जाऊ कळवळली.

"तू गप गं!" बाई कडाडली. "फार लाड झाले. घरी जाऊन आधी भिंतीलगतचं कपाट हलव."

तीन आठवड्यांनी बाई आली ती थेट भिंतीशी गेली. बोटे खांद्यापर्यंत चढली, कानापर्यंत चढली, थरथरली, आणि डोक्याच्या वर गेली. जाऊ पुढे धावली. बाईने नुसते डोळे वटारले.

"पुरेल का एवढा?"

"पुरेल, मावशी," सिस्टर म्हणाली.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर वाहवा मिळवायला सेवा करू नका. डॉक्टर नुसता कागद देऊन सुटू लागला, तर दार अडवून विचारा. लाज वाटायची असेल तर त्याला वाटू द्या. आणि माणसाला दुखत असेल, तेव्हा शेजारी उभे राहा. हात मात्र त्याचा त्यालाच उचलू द्या.