हिरव्या डागाखालचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. टेबलावर मांडायची नव्हे, पाण्यात बुडवायची! माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागिरांची मुलगी तळ्यांचा अभ्यास करत होती; त्याच माझ्या ताई. तिच्यासाठी त्यांनी जाड पत्रा गोल कापला, कडा कानशीने घासल्या, माझे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवले आणि पोटाखाली शिशाचे वजन लावले.

"घे पोरी," ते म्हणाले. "बुडावी म्हणूनच केलीय. बुडाली की रडू नकोस."

माझे काम सोपे होते. ताई दोरीला बांधून मला नावेवरून खाली सोडायच्या. मी दिसेनाशी झाले की दोरीवरची खूण वाचायच्या. जितकी खोलवर मी दिसेन, तितके पाणी नितळ. नाव वल्हवणारे काका घाईने ओरडायचे, "गेली!"

"अजून दिसतेय, काका. चष्मा पुसा जरा!"

मग ताई मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. आकाशातल्या उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून त्या पाण्याची तब्येत ओळखू लागल्या. एका चित्रात अख्खे तळे मावायचे! मी मात्र दाराआडच्या खिळ्याला लटकले. माझ्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवत. खोटे कशाला बोलू, मला उपग्रहाचा फार हेवा वाटे.

एका वर्षी चित्रात तळ्याच्या काठाशी मोठा हिरवा डाग दिसला. शेवाळ माजले, असा ताईंनी नकाशा केला. त्यावरून पाणी खात्याने सोमवारी तळ्यात औषध फवारायचे ठरवले.

शुक्रवारी नावाडी काका तडक ताईंच्या खोलीत आले. "ताई, शेवाळ असतं तर वास सुटला असता. उलट यंदा माशांची पिल्लं दिसतायत. औषध पडलं तर सगळं मरेल हो!"

ताईंनी संगणकाच्या पडद्यावरचा डाग पुन्हा निरखला. मग उठल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, किती वर्षांनी त्यांचा हात लागला!

शनिवारी सकाळी, उपग्रहाचे चित्र आणि आमचे मोजमाप एकाच वेळचे असावे म्हणून तो डोक्यावरून जायच्या वेळेला, आम्ही काकांच्या नावेतून त्या डागावर पोचलो. मी खाली निघाले. एक मीटर, दोन, तीन, चार... आणि अलगद कशावर तरी टेकले. ते गवत होते! कोवळे, लांबच लांब, पाण्यात डोलणारे. इवले मासे माझ्या काठावरून सुळकन गेले. आणि नवल म्हणजे, वरून दोघांना माझा प्रत्येक भाग स्पष्ट दिसत होता.

"काका!" ताई किंचाळल्याच. "हे शेवाळ नाही, तळातलं गवत आहे! पाणी इतकं स्वच्छ झालंय की ऊन खालपर्यंत पोचतंय!"

काका असे हसले की नाव डुगडुगली. "मग रडताय कशाला?"

"मी कुठे रडतेय? चष्मा पुसतेय."

ताईंनी बाटल्यांतून नेलेले पाणी तपासले. त्यात शेवाळ नावालाही नव्हते. सोमवारी खात्याचे साहेब म्हणाले, "पण तुमचा नकाशा आजवर कधी चुकला नव्हता."

"या वेळी चुकला, साहेब. उपग्रहानं हिरवं बरोबर पाहिलं, अर्थ मी चुकीचा लावला."

फवारणी रद्द झाली. ताईंनी आपले गणित सुधारले, आणि आता त्यांच्या नकाशात तळातल्या गवताला वेगळा रंग आहे. दर महिन्याला उपग्रह वरून पाहतो, मी पाण्यातून पाहते. माझा हेवा कुठच्या कुठे पळाला!

मित्रांनो, एकच मागणे आहे. माझ्यासारखी साधी साधने काम झाल्यावर धुवा, पुसा, सावलीत वाळवा. माझा पांढरा रंग मळला, तर नितळ पाणीही गढूळ ठरेल, आणि बोल मात्र बिचाऱ्या तळ्याला लागेल.