आलोशियसमामानं गायलेलं मॅन्युअल

मी तापट आहे, हे आमच्या गिरीज गावात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. त्यामुळे शहाऐंशी साली अंधेरीच्या कंपनीत तांडेल सरांनी जर्मन गिऱ्हाइकाचं पत्र माझ्या टेबलावर टाकून "सतरा चुका, मिस तुस्कानो, सतरा!" म्हटलं, तेव्हा मला लाज वाटायच्या आधी राग आला. आमच्या मॅन्युअलमधल्या सतरा चुका बसून मोजायच्या म्हणजे त्या जर्मनाला दुसरा काही उद्योग नव्हता का?

माझं काम काय होतं ते आधी सांगते. आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवायची आणि सॉफ्टवेअरबरोबर मॅन्युअल जायचं. त्यात प्रत्येक कमांडचं एक पान. वर कमांडचं नाव, मग ती कशी टाईप करायची, मग ती काय करते, शेवटी एखादं उदाहरण. जे जसंच्या तसं टाईप करायचं ते ठळक अक्षरात, जे आपण भरायचं त्याच्याखाली रेघ. इंजिनियर मंडळी ही पानं हातानं खरडून द्यायची, मी ती कॉम्प्युटरवर चढवायची आणि छापून आलेल्या, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर चुका शोधायची. कुठे कंस उघडलाय तो मिटलेलाच नाही, कुठे ओळ भलतीकडून सुरू झालीय, कुठे ठळक अक्षराच्या जागी बारीक. दिसायला बारीकसारीक गोष्टी, पण समोरचा माणूस पान वाचूनच बोटं चालवणार असतो.

आणि माझी खोड अशी की मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, भराभर वाचणारी. कागदावर काय आहे त्याऐवजी काय असायला हवं तेच माझ्या डोळ्यांना दिसायचं. गळालेला कंस मी मनातल्या मनात मिटवून पुढे जायची.

"तुमची तीन महिन्यांची मुदत या महिनाअखेरीला संपते," तांडेल सर म्हणाले. "पुढच्या गठ्ठ्यात शहाण्णव पानं आहेत. सोमवारी सकाळी छापखान्यात जाणार. पुन्हा असं पत्र आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि हे बघा, मजकुराला हात लावायचा नाही. मजकूर इंजिनियरचा. तुमचं काम खुणांचं."

सर पाचूबंदरचे, कोळीवाड्यातले. एरवी अगदी पुस्तकातलं बोलायचे. फक्त चिडले की त्यांच्या 'ण'चा 'न' व्हायचा. मी वळले तेव्हा ते स्वतःशीच पुटपुटत होते, "कोनी हिला घेतली, कोन जाने!"

मला ती नोकरी हवी होती. पप्पांनी आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता, आईलाही तेच बरं वाटत होतं, घराजवळ, डबा गरम. मला मात्र त्या काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आवडायची. ते सोडून शाळेत हजेरीपटावर रेघा मारायच्या, या कल्पनेनंच मला रडू यायचं.

शनिवारी सुट्टी होती. मी छापील पानं आणि हातानं लिहिलेली मूळ पानं घेऊन ओट्यावर बसले. अशा कामाला दोघं लागतात. एकानं छापील पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ पानावर बोट ठेवायचं. माझा भाऊ मार्सेल वाचायला बसला. दुसऱ्याच पानावर त्याची क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली, चौथ्यावर त्यानं दोन ओळी खाल्ल्या. मी त्याला असं काही सुनावलं की तो सायकल घेऊन जो गेला तो जेवायलाच आला.

तेवढ्यात आलोशियसमामा आला. आईचा थोरला भाऊ, सहासष्ट वर्षांचा, आमच्या वाडीत केळफूल न्यायला आलेला.

"कॅ झालं? एवढी लाल का?" त्यानं विचारलं.

मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यानं एक पान उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं.

"अक्षरं तर वळखीची हायेत."

"मामा, ते इंग्रजी आहे. तुला कळणार नाही."

"कळायला कशाला लागतं? वाचायचंय ना?"

मामाबद्दल सांगायला हवं. बाराव्या वर्षापासून तो चर्चच्या गायनवृंदात होता. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. पस्तीस वर्षं मामा लॅटिन गायला आणि त्यातलं त्याला अवाक्षर कळत नव्हतं. पण जुने फादर असे कडक, की एक अक्षर घसरलं तर सगळं पहिल्यापासून म्हणायला लावायचे. पुढे मिस्सा मराठीत आली, सगळा गाव खूश झाला. मामा मागच्या बाकावर जाऊन बसला आणि पुन्हा गायला नाही. कारण विचारलं की, 'सूर'चा 'हूर' करणाऱ्या त्याच्या बोलीत म्हणायचा, "मराठीत अरथ हमजतो. अरथाकडं लक्ष गेलं की हूर सुटतो." मिस्सा मराठीत आली तेव्हा मी तीन वर्षांची होते, त्यामुळे त्याचं गाणं माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

मामानं घसा साफ केला आणि पहिलं पान चक्क एका सुरात म्हणायला घेतलं. उच्चार सगळे लॅटिन. 'फाईल' नाही, 'फीले'. 'कोड' नाही, 'कोदे'. मला हसू आवरेना. पण त्यानं एकही अक्षर गाळलं नाही. स्वल्पविरामाला थोडं थांबणं, पूर्णविरामाला सूर खाली. कंस उघडला की आवाज एक पट्टी वर, मिटला की परत जागेवर. रेघ असलेला शब्द हळू, ठळक शब्द जोरात. हे नियम त्यानं मला विचारले नाहीत, स्वतःच ठरवले.

सातव्या पानावर तो वरच्या पट्टीत गेला तो खाली येईना. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली.

"मामा, काय झालं?"

"खाली कसा येऊ?" तो वरच्याच पट्टीत म्हणाला. "दार मिटलंच नाय!"

कंस उघडाच होता. मूळ पानावर मिटलेला, माझ्या पानावर नाही. माझ्या डोळ्यांनी तो दोनदा मिटून घेतला होता. मी लाल शाईनं खूण केली आणि मामानं सुटकेचा श्वास सोडला.

बाविसाव्या पानावर तर कहर झाला. मधल्या एका ओळीपासून मामा जो ओरडायला लागला तो पान संपेपर्यंत ओरडतच राहिला. पाटाचं पाणी सोडायला गेलेले पप्पा फावडं घेऊन धावत आले, त्यांना वाटलं मला साप चावला. झालं होतं एवढंच, की ठळक अक्षरं थांबवायची खूण मी घालायला विसरले होते आणि अर्ध्यापासून पुढचं सगळं पान ठळक छापून आलं होतं. पप्पांनी कपाळाला हात लावला. "यासाठी बी.ए. केलं?" असं म्हणून ते परत गेले.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेपर्यंत साठ पानं झाली. चुका निघाल्या एक्केचाळीस. एक्केचाळीस! त्या जर्मनाला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या परत घेतल्या.

रविवारी मिस्सा आटोपून मामा पुन्हा हजर. एकसष्टावं पान निम्मं म्हणून तो थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला.

"इथं गळलंय," तो म्हणाला.

मी मूळ पान पाहिलं. शब्दन् शब्द जुळत होता, खुणा सगळ्या जागेवर. "काही गळलेलं नाही, मामा. म्हण पुढे."

"कसा म्हणू? हा शबुद बघ." त्यानं बोट ठेवलं. शब्द होता 'इरेज', त्याच्या तोंडी 'एरासे'. "आतापरेंत अकरा पानांवर हा आला. अकराही वेळा याच्यामागून ते मोठ्या अक्षरांचं आलं. 'वारनिंग'. आता बाराव्यांदा आला आन मागून कोणीच नाय. याचा जबाब कुठं गेला?"

मी अकराही पानं काढून पाहिली. मामा बरोबर होता. जिथे जिथे काही पुसून टाकणारी कमांड होती, तिथे तिथे इशारा होता. मग एकसष्टावं पान मी पहिल्यांदाच अर्थ लावून वाचलं. ती कमांड अख्खी डिस्क पुसून टाकणारी. 'नक्की ना?' असं एकदाही न विचारता. आणि पानावर त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता मेख इथे होती. मूळ पानातच इशारा नव्हता, म्हणजे माझी चूक नव्हती. गप्प बसले असते तर मला कुणी बोललं नसतं. बोलायला गेले तर 'मजकुराला हात लावायचा नाही' हा हुकूम मोडणार, तोही मुदत संपायच्या आठवड्यात. आणि सोमवारी सकाळी पानं छापखान्यात. मी खरंच घाबरले होते. आई म्हणाली, "गप राहा गो, आधी नोकरी पक्की होऊ दे." मामा चपला घालून अंगणात जाऊन उभा राहिला.

पानांचा सगळा गठ्ठा घेऊन आम्ही एस.टी.नं पाचूबंदरला, सरांच्या घरी गेलो. तांडेल सर घरासमोर लुंगी-बनियनवर, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून विणत बसले होते. मला पाहून त्यांनी लुंगी सारखी केली.

"रविवारी? इथे?"

मी पान पुढे केलं, काय ते सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"मजकुराला हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"हात नाही लावला, सर. विचारायला आलेय."

"कोनी काढलं हे?"

"मामानं."

"यांना कॉम्प्युटर येतो?"

"नाही."

"इंग्रजी?"

"नाही," मी म्हटलं, आणि मग माझं डोकं फिरलंच. "लॅटिनही येत नाही! पण पस्तीस वर्षांत एक अक्षर चुकलं नाही. माझ्या एक्केचाळीस चुका काल यानंच काढल्या. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण आधी ऐकून घ्या!"

शेजारी मॅग्डलीनबाई बोंबील वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले. सर माझ्याकडे बघतच राहिले. मामा मात्र शांतपणे उभा राहिला आणि त्यानं आधीचं, साठावं पान म्हटलं. 'एरासे', आणि पाठोपाठ खालच्या, जड सुरात 'वारनिंग'. मग एकसष्टावं घेतलं. 'एरासे'. आणि तो थांबला. तोंड उघडं, श्वास धरलेला. मागे फक्त समुद्राचा आवाज.

सरांनी माझ्या हातातून मूळ पान घेतलं. अक्षराकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी लिहिलंय हे?" मी विचारलं. पानांवर सह्या नसायच्या.

"मी," ते म्हणाले.

मग ते जरा सावरले. "पण ही कमांड वापरणारा माणूस जाणकार असतो. त्याला कळतं."

"हाहेब," मामा म्हणाला, "पस्तीस वरसं जे लिवलेलं होतं ते मी म्हटलं. हमजलं म्हणून नाय, लिवलं म्हणून. त्या जर्मन गावातपण माझ्यावानी कोणी एक अहेलच ना? तो काय करील? लिवलंय तेच करील."

तांडेल सरांनी जाळं बाजूला ठेवलं. मासळीची एक पाटी उपडी घातली, त्यावर पान ठेवून त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. ही कमांड सगळं पुसते. विचारत नाही. पुसलेलं परत येत नाही. आधी प्रत काढून ठेवा. मग त्यांनी ते पान मामापुढे धरलं. मामानं ते म्हटलं, सूर खाली आणला, आणि मॅग्डलीनबाई सवयीनं "आमेन" म्हणाल्या. सर खो खो हसले. ऑफिसात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही माझं ऐकलं असतंत," हसू ओसरल्यावर ते मला म्हणाले, "तर तुमच्या सगळ्या खुणा बरोबर असत्या आणि माझं पान जर्मनीला गेलं असतं. तुमची मुदत आज संपली. पक्कं पत्र उद्या देतो. आणि मजकूर खटकला तर यापुढे सरळ येऊन सांगा. पण असं ओरडू नका, माझी बायको घरात आहे."

मी "हो" म्हटलं.

"किती राहिलीत?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस पानं."

"बसा मग. मूळ पानं मी धरतो."

त्या गठ्ठ्यात पुढे जर्मनाला दोन चुका सापडल्या, त्याचं पत्रही आलं, ते राहू दे. त्या दुपारी सर पाटीवर बसले, गुडघ्यावर पानं, आणि ओळीखालून बोट चालवू लागले. मामा उभा राहिला आणि बासष्टाव्या पानापासून पुढे म्हणू लागला. पेन सरांकडेच राहिलं होतं, माझ्या हातात कागद नव्हता, बोट ठेवायला ओळही नव्हती. आदल्या दिवशी मी साठ पानं त्याच्या तोंडून ऐकली होती, पण त्यात फक्त कंस आणि स्वल्पविराम ऐकले होते. आता करायला काहीच उरलं नाही, म्हणून मी नुसती ऐकत बसले. जाळी विणणारी माणसं थांबली, ओट्यांवरच्या बाया पुढे सरकल्या. मामाचा आवाज इतका सुरेल होता हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. मामानं एकदाच माझ्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि पुढची कमांड म्हणायला घेतली.