होडीच्या पाटीवरचं नाव

वाकसाच्या दांड्यावर अंगठ्याचा खळगा होता, पण भलत्याच बाजूला... लाकूड तासायचं हे हत्यार तिनंच माळ्यावरच्या पेटीतून काढून बाबांचं म्हणून संग्रहालयाला दिलं होतं, होडीसकट, आणि तेव्हा ते नीट हातातसुद्धा घेतलं नव्हतं – आता काचेआड जाण्याआधी सहज धरून बघितलं, तर उजवा अंगठा त्यात बसेना. डावा बसला, अगदी चपखल.

बाबा उजव्या हाताचे. घरात डावखुरा एकच, म्हणून तर त्याला सगळे डावऱ्या म्हणायचे, तिचा डावऱ्याकाका. खायला काळ आणि भुईला भार, असं बाबा त्याच्या तोंडावर म्हणत, आणि मोठ्यांचं बोलणं पोरांच्या तोंडी बसायला वेळ लागत नाही.

असेल, काकानं कधीतरी वापरलं असेल भावाचं हत्यार... असं मनाशी म्हणत ती शेतीच्या दालनात गेली. तिथला नांगर बाबांचाच, यात शंका नव्हती. त्यांनी तो अंगणात घडवला तेव्हा ढलप्या गोळा करायला तीच होती. तासल्याच्या खुणा उजवीकडून डावीकडे उतरत होत्या. मग ती समुद्राच्या दालनात परत आली, होडीत वाकली, आतल्या फळ्यांवरून बोटं फिरवली – खुणा उलट. एक फळी नाही, दोन नाही, पार पुढच्या टोकापासून सुकाणूपर्यंत.

बाबांनी आयुष्यभर ही होडी आपली म्हणून सांगितली. ठीक आहे, बाबा गेले. पण काका घर सोडून निघाला तेव्हा, विशीच्या तोऱ्यात, दारात उभी राहून "बाबांच्या जिवावर जगलात तुम्ही" असं म्हणाली ती तीच. तो पायात चपला सरकवून निघून गेला होता. पुढे त्यानं लग्न केलं, आता लेकीकडे असतो म्हणे... चाळीस वर्षांत ती तिकडे एकदाही फिरकली नाही.

संग्रहालयाच्या बाई पाटीचा कागद घेऊन आल्या. होडी बांधणारा म्हणून बाबांचं नाव, खाली तिच्या सहीची जागा. सही झाली की पाटी छापायला जाणार, आणि मग ते कोण कशाला बदलतंय. तिनं बाईंना खुणा दाखवल्या, जमेल तसं समजावलं. बाईंनी वाद घातला नाही.

"मग नाव बदलू या ना, ताई. काकांचं नाव काय?"

"डावऱ्या..." ती म्हणाली आणि थांबली.

कागदावरचं, पाळण्यातलं, काहीतरी नाव असणारच की. तिच्या लग्नपत्रिकेत ते घातलं नव्हतं, बाबा ते कधी उच्चारत नसत, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. चुलतबहिणीला, काकाच्या लेकीला, फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम. पण ज्याला दारात उभं राहून बोल लावला, त्याचं नाव दुसऱ्याकडून मागून आणायचं? ते त्यालाच जाऊन विचारायला हवं होतं. बाई वाट बघत होत्या. तिला लाज वाटली – साधी, सरळ लाज – आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाबांची बाजू घ्यावीशी वाटली नाही.